सर्व्हरने नाकारलेली पाच मिनिटं

नेटवर्क बसवणाऱ्या माणसाने मला पाच मिनिटांनी फसवलं. पैशाने नाही, मालाने नाही, मिनिटांनी. हे कोणाला सांगितलं की तो हसतो आणि म्हणतो, ताई, तुमच्याच घड्याळाने तुम्हाला फसवलं. माझ्या घड्याळाने मला आजवर एकदाही फसवलेलं नाही. ते माझं ऐकतं. फसवलं ते नेटवर्कवाल्याने, आणि कसं ते मी आता लिहूनच काढते. तोंडी सांगायला गेले की माझा आवाज चढतो, आणि मग ऐकणारा मुद्दा सोडून आवाजावरच बोलत बसतो.

आधी घड्याळाचं सांगते, कारण सगळे बोट तिकडे दाखवतात.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याच्या पेट्यांचा कारखाना आहे. सुरुवात मात्र पंचवटीच्या भाजीबाजारात झाली. फळवाल्यांची रिकामी खोकी गोळा करायची, फाटलेली चिकटवायची आणि दुसऱ्या फळवाल्याला विकायची, हा माझा पहिला धंदा. त्या धंद्याला अक्कल एकच लागायची, ती म्हणजे दुसऱ्याच्या आधी पोचणं. तिथे एक म्हातारे गृहस्थ हातगाडी घेऊन रोज माझ्याआधी हजर असायचे आणि निवडक खोकी उचलून न्यायचे. मी मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. लगेच म्हातारे गृहस्थ माझ्यानंतर यायला लागले. पुढे कळलं की त्यांच्याकडे घड्याळच नव्हतं, ते काळारामाच्या आरतीवर निघायचे. पण हरले ना? मग झालं.

तेव्हापासून माझ्या मालकीचं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे चालतं. घरातलं, गाडीतलं, ऑफिसातलं. मुलीच्या लग्नात मी हॉलचं घड्याळसुद्धा पुढे करायला लावलं होतं. पंचवटीच्या गुरुजींनी त्याच्याकडे ढुंकून न बघता स्वतःच्या मनगटावर बघून मंगलाष्टकं म्हटली. तो अपमान मी गिळलेला आहे, तो इथे काढत नाही.

ऑफिसात सगळ्यांना हे माहीत आहे. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याच्या कानात सांगतं, ताईंचं घड्याळ दहा पुढे असतं. मग तोही मनातल्या मनात दहा वजा करतो आणि इतरांसारखा उशिरा यायला लागतो. म्हणजे फायदा शून्य, हे मलाही कळतं. पण शिस्त म्हणून काही असतं की नाही.

आता नेटवर्क.

आमच्याकडे पूर्वी एका कॉम्प्युटरवरची फाईल दुसऱ्यावर न्यायला अख्ख्या ऑफिसात एक पेन ड्राईव्ह होता. दाराजवळच्या खिळ्याला तो लाल दोऱ्याने टांगलेला असायचा. लागेल त्याने न्यायचा, काम झालं की परत टांगायचा. तो एकदा खळीच्या बादलीत पडला, धुऊन वाळवला, तरी चालला. मग त्याला व्हायरस लागला. खळीने जे झालं नाही ते व्हायरसने केलं. सगळ्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाईलींची नावं तेवढी राहिली, आत काही नाही. तेव्हा अकाउंटच्या बाई म्हणाल्या, "ताई, आता नेटवर्क करून घ्या. पुरे झाला तो दोरा."

नेटवर्कवाला आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. माझ्या ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्यावर त्याला स्वतःची ओळख गळ्यात कशाला लागते, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

"मॅडम, आपण डोमेन करू," तो म्हणाला. "डोमेन म्हणजे कुटुंब समजा. सर्व्हर म्हणजे घरातला कर्ता. कोण घरचं, कोण परकं, कोणी कुठलं कपाट उघडायचं, ते कर्ता ठरवणार."

"इथली कर्ती मी आहे."

"तुम्ही तर आहातच, मॅडम. तो तुमच्या हाताखालचा कर्ता."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. हाताखालचा, असं तो म्हणाला होता.

आमच्याकडे नऊ कॉम्प्युटर. त्याने नऊचा भाव दिला. मी घासाघीस करून कॉम्प्युटरमागे भाव खाली आणला. जास्त नग म्हणून कमी भाव, हे त्यालाही पटलं. तो उठून बूट घालत असताना मी म्हटलं, "याच भावात सहाच करा." तो एका पायात बूट घालून पायरीवर बसून राहिला. मावशीने त्याला पाणी दिलं. मावशी म्हणजे आमच्याकडे चहापाणी बघतात त्या.

अशा रीतीने सहा कॉम्प्युटर डोमेनच्या आत गेले आणि तीन बाहेर राहिले. माझा, माल रवाना करणाऱ्यांचा आणि पेंटरचा. पण बाहेर राहिले म्हणून त्यांची गैरसोय होऊ देईन तर मी कसली. पायरीवरच त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

"बाहेरच्यांना आतल्या फाईली मिळणार?"

"मिळतील. बाहेरच्याने सर्व्हरचं दार वाजवायचं, मी देतो ते नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा. दार उघडेल. फाईल ठेवा, फाईल घ्या."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"त्याचे वेगळे पैसे?"

"नाही हो, मॅडम," असं म्हणून त्याने दुसरा बूट घातला.

पेंटरबद्दल सांगायला हवं. ते पूर्वी द्वारका चौकाच्या बाजूला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, तेव्हा मी त्यांना पेट्यांवरची चित्रं काढायला आणलं. कॉम्प्युटर शिकले, पण माऊस अजून ब्रशसारखा तीन बोटांत धरतात आणि काम झालं की फडक्याने पुसून ठेवतात. फार बोलत नाहीत. जे समोर लिहिलेलं असेल ते खरं मानायचं, ही त्यांची पाट्या रंगवण्याच्या दिवसांपासूनची सवय.

दसऱ्याच्या मुहूर्तावर सर्व्हरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, काम सुरू झालं. पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. पेंटर मागच्या खोलीतून दार वाजवायचे, नाव सांगायचे, फाईल ठेवायचे, आणि पुढे अकाउंटच्या बाई ती उघडायच्या. मी येणाऱ्या जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझं लक्ष कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. ते दहा मिनिटं मागे होतं. म्हणजे ज्याला लोक बरोबर म्हणतात तसं. एकेक करून सगळे बघितले, नऊच्या नऊ मागे. नेटवर्कवाल्याने जाता जाता सगळ्यांची घड्याळं बदलून ठेवली होती, मला न विचारता. फोन लावला.

"मॅडम, ती देशाची वेळ आहे," तो म्हणाला. "सर्व्हर ती इंटरनेटवरून घेतो आणि बाकीचे सर्व्हरकडून घेतात."

"सर्व्हर मी विकत घेतलाय की देशाने?"

मी अकाउंटच्या बाईंना घड्याळ पुढे करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर परवानगी देत नाही. माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे करायला माझ्या माणसाला परवानगी नाही. शेवटी नेटवर्कवाल्याला बोलावून करायला लावलं. त्याने केलं, मी बघितलं, आणि मी त्याला फाटकापर्यंत सोडून येईतो ते परत मागे गेलेलं. मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावं आणि घरी येऊन बघावं तर ते चुलीपाशी बसलेलं, तसं.

सहा गेले हातचे. पण बाहेरचे तीन माझे होते. त्यांची घड्याळं मी स्वतःच्या हाताने दहा मिनिटं पुढे केली. ती राहिली पुढे. बाहेर ठेवण्यात माझी दूरदृष्टी होती, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मग ऑफिसात दोन वेळा चालू झाल्या. भिंतीवर माझी वेळ, आतल्या सहांवर देशाची, बाहेरच्या तिघांवर परत माझी. बाहेरचे जेवायला बसायचे तेव्हा आतले काम करत असायचे, आणि आतले डबा उघडायचे तेव्हा बाहेरच्यांचं लोणचं संपलेलं असायचं. मावशी चहाच्या दोन फेऱ्या करायला लागल्या. आतल्यांचा चहा, बाहेरच्यांचा चहा. आतल्यांना कर्त्याकडून निरोप यायचे, वाढदिवस कोणाचा वगैरे. बाहेरच्यांना केकचा पत्ता कागदी ताटल्या केरात दिसल्या की लागायचा. एकदा पेंटर रिकाम्या ताटलीकडे बघून म्हणाले, "आपण बाहेरचे." एवढंच. मला वाईट वाटलं. मीही बाहेरचीच होते, पण मला केक आणून देत.

आणि त्याच सुमारास पेंटरच्या फाईली पुढे येईनाशा झाल्या. पेन ड्राईव्ह पुन्हा काढावा म्हटलं, तर आतल्या सहांना तो घालायची बंदी, कर्त्याचा हुकूम. ईमेलमध्ये पेंटरची चित्रं मावत नाहीत, ते पानाला पान आणि देठाला देठ काढतात. मग आम्ही तोड काढली. पेंटर आपल्या स्क्रीनचा फोनवर फोटो काढायचे आणि गिऱ्हाईकाला पाठवायचे. नेटवर्कचं काय झालं, असं मी त्यांना विचारलं नाही, कारण मला वाटलं नव्याची नवलाई संपली. त्यांनी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं लिहायची वेळ आली ते आप्पा.

आप्पा देवळ्याचे. जन्मभर कांद्याचा व्यापार केला, आता डाळिंबात उतरले होते आणि अख्ख्या हंगामाच्या पेट्या एकाच ठिकाणाहून घ्यायच्या असं त्यांच्या मनात होतं. ती ऑर्डर मला मिळणार हे मी इतकं धरून चालले होते की तिच्या भरवशावर दुसरं मशीन मागवून बसले होते. मशीन येऊन उभं राहिलं होतं, वरचं कापडही न काढलेलं. ऑर्डर गेली तर त्या मशीनवर टॉवेल वाळत घालायचे, दुसरा उपयोग नाही.

पेंटरने डाळिंबाचं चित्र काढलं आणि त्याचा फोटो आप्पांना गेला. आप्पांचा फोन आला.

"ताई, पेटीवर कांदा का काढला?"

"आप्पा, डाळिंब आहे ते. वरती मुकुट बघा."

"आमच्या कांद्याला पण शेंडी असती. मुकुट म्हणून काय सांगता."

"रंग बघा ना, लालभडक आहे."

"लालच कांदा हाय मग. ताई, जन्म गेला माझा कांद्यात. कांदा मी गोणीत घालतो. पेटीत बसवायला तो काय नवरदेव हाय?"

मी समजावलं की फोनच्या फोटोत रंग उतरतात, प्रत्यक्ष या, मोठ्या पडद्यावर दाखवते, आमच्याकडे नेटवर्क आहे. ते म्हणाले, "येतो. पण बारापर्यंतच बसंल. बाराला उठून सातपूरला दुसऱ्याकडं जायचं हाय. त्याला पण शब्द देलाय." सातपूरचा तो दुसरा कोण ते मला माहीत होतं. पेटीला पट्टी कशी मारायची हे त्याने माझ्याकडे उभं राहून शिकलं आहे.

ठरल्या दिवशी आप्पा आले. मीटिंगच्या खोलीत मी त्यांना सोफ्यावर बसवलं. समोर मोठा पडदा, आणि पडद्याच्या वर भिंतीवरचं घड्याळ. ते मी मुद्दाम तिथे लावलेलं आहे. गिऱ्हाईकाला वेळ दिसत राहिली की तो भावात फार ताणत नाही. आप्पांचा फोन वाटेत कांद्याच्या लिलावाचे भाव ऐकून ऐकून बंद पडला होता. मावशीने तो ओट्यावर चार्जिंगला लावला. आप्पा चहा बशीत ओतून पिऊ लागले. अकाउंटच्या बाई पडद्याच्या कॉम्प्युटरवर बसल्या आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ताई, फाईल आलेली नाही."

मी मागच्या खोलीत गेले. पेंटर माऊस धरून बसले होते.

"पेंटर, फाईल टाका."

"जात नाही."

"का? काय म्हणतंय?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय?"

"त्याच्या आणि आपल्या वेळेत फरक आहे म्हणतं."

"मग?"

"मग काय. आहेच ना फरक. मी ओके म्हणतो, ते निघून जातं."

"कधीपासून म्हणतंय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. फरक होता, आणि तो मी ठेवला होता. कोणी येऊन म्हणालं की तुमच्या आणि शेजारणीच्या उंचीत फरक आहे, तर आपण हो म्हणतो आणि कामाला लागतो. सगळ्या ऑफिसाला तो निरोप माहीत होता आणि सगळ्यांना तो पटलेला होता.

अकाउंटच्या बाई मागे आल्या. म्हणाल्या, आप्पांनाच इकडे आणू, इथल्या स्क्रीनवर बघतील. मी त्यांना गप्प केलं. मागच्या खोलीत आंब्याच्या पेट्यांची थप्पी पडून होती, देठ खाली आणि टोक वर अशी उलटी छापली गेलेली. पडून राहिलेला माल बघितला की गिऱ्हाईकाची मान ताठ होते. भाव ठरायच्या आधी ते मी कोणाला दाखवत नाही, सख्ख्या भावालाही दाखवलं नसतं. मग पेंटर म्हणाले, कॉम्प्युटरच उचलून पुढे नेऊ. मी आणि पेंटर मिळून तो उचलून दारापर्यंत नेला. तिथे आठवलं की पडद्याची वायर या जुन्या डब्याला बसतच नाही. परत नेऊन ठेवला. पेंटरने तो फडक्याने पुसला.

शेवटी नेटवर्कवाल्याला फोन लावला. त्याच्या मागे बँड वाजत होता. कोणाची तरी हळद होती.

"फाईल जात नाही," मी म्हटलं. "वेळेत फरक आहे म्हणतं."

"मग घड्याळ मागे घ्या, मॅडम. बरोबर करा."

"घड्याळ मागे घेणार नाही. दुसरा उपाय सांगा."

"दुसरा नाही हो. सर्व्हर पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. सुरक्षेसाठी असतं ते."

इथे मी सावध झाले. तो नाही म्हणत नव्हता. पाच म्हणत होता.

"म्हणजे पाच चालतात."

"पाचपर्यंत चालतात."

"मग दहा करा."

"तसं नसतं ते."

"नऊ."

"मॅडम, हा भाव नाहीये, नियम आहे."

"मग नियम कमी करा. साडेआठ."

"मी हळदीत आहे, मॅडम."

"हळदीत आहात म्हणून आठ. पुढे बोलू नका."

"पाच. सगळ्या जगात पाचच आहे."

"जगात कोणी मागितलं नसेल. तुमचं नाही, माझं नाही, सात."

"पाच."

आता बाजारात वावरलेल्या कोणालाही विचारा, अशा वेळी काय करतात. आपण पिशवी उचलतो आणि चालायला लागतो. चार पावलं गेलो की मागून हाक येते, या ताई, या, घेऊन जा. मी फोन ठेवून दिला आणि हाक यायची वाट बघत उभी राहिले. पेंटरही उभे राहिले. अकाउंटच्या बाई म्हणाल्या, "ताई, आप्पा सारखे घड्याळाकडे बघतायत."

"बघू द्या," मी म्हटलं. "त्यासाठीच लावलंय."

हाक आली नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात हाक न आल्याचा हा पहिला प्रसंग. मीच परत फोन लावला.

"पाच," तो म्हणाला. हॅलोसुद्धा नाही.

"बरं, पाच," मी म्हटलं. पाचावर तोडलं. हे मी कोणासाठी केलं? डाळिंबासाठी.

पेंटरने घड्याळ मागे घेतलं, देशाच्या पाच मिनिटं पुढे ठेवलं. दार वाजवलं. नाही उघडलं.

"पाच म्हणाला होतात," मी फोनमध्ये ओरडले.

"पाचच्या आत म्हणालो, मॅडम. काठावर नको. चार ठेवा."

म्हणजे सौदा झाल्यावर आणखी एक खाली. असं करणाऱ्याला बाजारात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. चार ठेवलं. पेंटरने नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला, आणि दार उघडलं. डाळिंब गेलं. मी जवळजवळ पळतच मीटिंगच्या खोलीत आले. पडद्यावर ते अख्ख्या भिंतीएवढं उमटलं होतं, फुटलेलं, आतले दाणे ओले दिसत होते. त्याला आंधळाही कांदा म्हणाला नसता.

सोफा रिकामा होता. बशी पालथी घातलेली होती.

"बारा वाजले म्हणून उठले," मावशी म्हणाल्या. "मी म्हटलं बसा, ताई येतातच आहेत. म्हणाले, शब्द तो शब्द. फोन घेतला खिशात घातला नि गेले."

भिंतीवर बारा वाजून गेले होते. कॉम्प्युटरवर अजून बारा वाजायचे होते.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही का, घड्याळ पुढे आहे म्हणून?"

"तुम्हीच सांगून ठेवलंय ना," मावशी म्हणाल्या, "बाहेरच्याला सांगायचं नाही."

त्या अख्ख्या इमारतीत ते घड्याळ खरं मानणारा एकच माणूस होता, आणि तो गाडीत बसून सातपूरला निघाला होता.

आप्पांना फोन लावला. उचलला त्यांनी, त्यांच्या माणुसकीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

"आप्पा, परत या. पडद्यावर लागलंय. बारा वाजलेच नव्हते."

"तुमच्याच भिंतीवर वाजले व्हते, ताई."

"ते घड्याळ थोडं पुढे आहे."

"किती पुढं?"

मी सांगितलं. गाडीचा हॉर्न ऐकू येत होता.

"बिघडलंय का?"

"नाही. मीच पुढे ठेवते."

"म्हंजे तुम्हाला माहीत हाय ते खोटं हाय, आन् मला त्याच्यासमोर बसवलं."

मी आयुष्यभर भाव करत आले आहे. समोरच्याने कुठलीही बाजू घेतली तरी दुसरी बाजू माझ्या जिभेवर तयार असते. इथे दोन्ही बाजू त्यांच्याच होत्या. घड्याळ खरं म्हणावं तर मी उशीर केला, खोटं म्हणावं तर मी खोटी. पेंटर नंतर म्हणाले की त्यांनी मला गप्प बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

"ताई," आप्पा म्हणाले, "वेळेत दहा मिनिटं वाढीव धरता. पेटीत काय काय वाढीव धरत असाल, मला काय कळणार? तुमचं डाळिंब चांगलंच असंल. पण आता मी पोचलो हितं. लवकरच पोचलो, तुमच्या किरपेनं."

सातपूरवाल्याने वेळेआधी आलेलं गिऱ्हाईक बघून खुर्ची पुसून दिली म्हणे. हंगामाच्या पेट्या त्याच्याकडे गेल्या. त्या पेटीवरचं डाळिंब मी बाजारात बघितलं आहे. ते टोमॅटोसारखं दिसतं. पण त्याने ते वेळेत दाखवलं.

आता यात माझी चूक काय, ते लोकांनी सांगावं. घड्याळ काढा, असं अकाउंटच्या बाई सुचवून गेल्या. मी नाही काढलं. सोफा फिरवून ठेवला. आता गिऱ्हाईकाला घड्याळ दिसत नाही, फक्त मला दिसतं. पेंटरच्या कॉम्प्युटरला मी चार मिनिटं मंजूर केली आहेत. ते रोज दार वाजवतात, दार उघडतं, आणि ते चहाला कोणाच्या फेरीत बसायचं याचा विचार करत राहतात, कारण चार मिनिटं पुढची फेरीच नाही.

एवढ्यावर मी हे सोडलंही असतं. धंद्यात ऑर्डरी जातात. पण मध्यंतरी नेटवर्कवाला सर्व्हर तपासायला आला, पट्टा आणि ओळखपत्रासकट. मी बाहेर होते. तो आतल्यांच्या फेरीत चहा प्यायला आणि बोलता बोलता पेंटरना काहीतरी म्हणाला. पेंटरनी ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्यांच्या पद्धतीने, माऊस पुसत.

"ताई, ते पाच म्हणजे शेवटचं नव्हतं."

"कुठले पाच?"

"सर्व्हरचे. तो आकडा आत जाऊन वाढवता येतो म्हणे. दहाही करता येतात. कोणी करत नाही, पण येतात."

मी खाली बसले. आधी मला बरं वाटलं, हे कबूल करते. म्हणजे माझं नाक शाबूत होतं. पाच हा शेवटचा भाव नाही, हे मी फोनवर पहिल्याच शब्दाला ओळखलं होतं. जगात शेवटचा भाव पहिल्या झटक्यात कोणी सांगत नाही. आणि मग माझा आवाज किती चढला ते मावशींना विचारा, त्यांनी दोन्ही फेऱ्यांचा चहा त्या दिवशी बाहेर पायरीवर दिला.

मी नऊवर आले होते. आठवर आले. सातवर आले, आणि सातवर मी सहसा कोणासाठी येत नाही. त्या प्रत्येक आकड्याला त्याला माहीत होतं की दहा होतात. हळदीतून उठून इथे येऊन दोन बटणं दाबायची होती, किंवा निदान एवढं म्हणायचं होतं की मॅडम, आज चार ठेवा, उद्या येऊन दहा करून देतो. मी एका शब्दात मान्य केलं असतं, आणि आप्पा सोफ्यावर असते. त्याऐवजी त्याने मला सगळ्या जगाचा दाखला दिला. माझी पाच मिनिटं त्याच्या हातात होती, त्याने ती दाबून ठेवली, आणि मला म्हणाला, नियम आहे.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. त्याने माझ्या ऑफिसात यावं, गळ्यातला पट्टा काढून ठेवावा, आणि आप्पा बसले होते त्याच सोफ्यावर बसावं. मी त्या दिवसापुरता सोफा परत घड्याळासमोर फिरवून ठेवीन. पेंटर, अकाउंटच्या बाई, मावशी, आतले आणि बाहेरचे, सगळ्यांसमोर त्याने एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. दहा होत होते, तर तू पाच का म्हणालास? कर्ता माझ्या हाताखालचा आहे म्हणाला होतास, मग माझी मिनिटं त्याच्याकडे किती आहेत हे माझ्यापासून का लपवलंस?

उत्तर मिळेपर्यंत मी त्याचं देखभालीचं काम दुसऱ्या कोणाला देणार नाही आणि त्यालाही सुखाने करू देणार नाही. नवं मशीन खिडकीपाशी उभं आहे. त्यावर मावशींनी टॉवेल वाळत घातले आहेत. ते टॉवेल त्याने येऊन, उत्तर देऊन, स्वतःच्या हाताने काढायचे आहेत.